कुत्र्याची जीन टेस्ट होऊ द्या, पण आधी तालुक्याच्या दवाखान्यात स्लाइडचा रंग तरी ठेवा

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कुत्र्यांच्या कॅन्सरवर जीन टेस्टिंगचा लेख आला होता, तो आमच्या दुकानात काउंटरवर पडून होता आणि जो येईल तो वाचून काहीतरी बोलून जात होता. माझं मेडिकल स्टोअर आहे, आर्वी तालुक्यात, घरची थोडी शेतीही आहे. एक जण म्हणाला, "मानसाले साध्या तपासणीसाठी वर्ध्याले जा लागते, अन् हे कुत्र्याचे जीन पाहून रायले." हसले सगळे. दुसऱ्यानं विचारलं, "पण कुत्र्याले कॅन्सर होते का?" हसण्यापेक्षा मला हे विचारणं जास्त कामाचं वाटलं, कारण त्याच्याच वाडीतल्या कुत्र्याला तो झालेला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. म्हणून लिहितो आहे. पत्र लांबलं तर कापा, फक्त औषधाचा भाग कापू नका.

आधीच सांगतो, लेखात काही खोटं नाही. कुत्र्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची पूर्ण नोंद, २००५ साली जाहीर झाला, ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा, आणि तेव्हापासून या विषयातलं काम खूप पुढं गेलं. माणसाच्या आणि कुत्र्याच्या कितीतरी गाठींमध्ये तेच ते जीन बिघडलेले सापडतात त्यामुळे कुत्र्यांवरचा अभ्यास माणसांच्याही कामी येतो, हेही मान्य. पण लेखातले सगळे कुत्रे लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड. आमच्याकडचा कुत्रा रात्री संत्र्याच्या बगिच्यात रानडुकरामागं धावतो, दिवसा बंडीखाली झोपतो, आणि त्याचा कागद म्हणजे फार तर रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड, तेही असलं तर. हा कुत्रा त्या लेखात कुठंच नव्हता. आणि खरं सांगायचं तर ज्या कॅन्सरची कुंडली जीनवाल्यांनी फार खोलात जाऊन मांडली तो कॅन्सर याच कुत्र्याला होतो, आमच्या बसस्टँडवर, आठवडी बाजारात, मटणाच्या दुकानामागं.

डॉक्टर लोक त्याला टीव्हीटी म्हणतात, ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे जुगण्यातून पसरणारी गाठ. नराच्या लिंगावर नाहीतर मादीच्या योनीत फुलकोबीच्या गड्ड्यासारखी लाल, ठिसूळ गाठ येते, जरा हात लागला की रक्त. कुत्रा सारखा चाटत राहतो, उठला की बसल्या जागी रक्ताचे थेंब दिसतात. मादी असली तर लोक म्हणतात माजावर आहे, मग महिना होतो, दोन महिने होतात, तरी ती माजावरच! नर असला तर काटा लागला, भांडणात चावलं, किडे पडले, आणि मग हळद, राख, फिनाईल, जे हाताशी असेल ते. कधी कधी हीच गाठ नाकात होते कारण कुत्रे एकमेकांना तिथंच हुंगतात, चाटतात. मग नाकातून रक्त यायला लागते आणि आपण उन्हाळा लागला म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी ओततो. माणसाला ही गाठ लागत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण कॅन्सर पसरतो एवढंच ऐकून लोक कुत्र्याला काठीनं मारायला कमी करणार नाहीत.

ही गाठ वेगळी काहून आहे ते पाहा. साध्या कॅन्सरमध्ये त्याच जनावराच्या पेशी बिघडतात आणि जनावर मेलं की कॅन्सरही त्याच्यासोबत संपतो. इथं कॅन्सरची जिवंत पेशीच जुगताना एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते आणि तिथं मूळ धरते. म्हणून त्या गाठीचा डीएनए काढला तर तो ज्या कुत्र्याच्या अंगावर आहे त्याच्याशी जुळत नाही, जुळतो जगातल्या दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या कुत्र्याच्या गाठीशी. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या टीमनं २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका आणि ब्राझीलमधल्या एका कुत्र्याच्या गाठीचा पूर्ण जीनोम वाचला, मग २०१९ मध्ये ४३ देशांतल्या ५४६ गाठी तपासल्या. त्यावरून असं निघालं की हा सगळा एकच कॅन्सर आहे, साधारण ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात कुठंतरी एका कुत्र्याला झालेला. तो कुत्रा मरून किती पिढ्या गेल्या, त्याची गाठ अजून चालूच आहे. निरोगी कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत ५७ ते ६४ भरतात, इतकी ती वेगळी झालेली आहे. आणि मिक नावाच्या एका जीनजवळ डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो जो या गाठींमध्ये सापडतो आणि निरोगी कुत्र्यात त्या जागी नसतो, पीसीआर करून तो तुकडा शोधला की निदान पक्कं. म्हणजे जीन टेस्ट आमच्या गावरान कुत्र्यासाठीही आहे, फक्त तिच्याविषयी कोणी लिहिलं नाही.

पण बहुतेक वेळा ती करायची गरजच पडत नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथं आहे. गाठीवर काचेची स्लाइड दाबायची, वाळवायची, जिएम्साचा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायची. गोल गोल पेशी दिसतात आणि त्यांच्या आत ओळीनं रिकामे बुडबुडे दिसतात. शिकलेल्या डॉक्टरला एवढ्यावर कळते. मी स्वतः पाहिलं आहे, म्हणजे डॉक्टरनं दाखवलं म्हणून पाहिलं. वर ज्याचा उल्लेख केला त्या वाडीतल्या कुत्र्याची गोष्ट. सरकारी दवाखान्यात मायक्रोस्कोप होता, कापडाखाली झाकलेला, रंग मात्र संपलेला, मागणी कधीची पाठवली होती म्हणे. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, डॉक्टर बिचारा चांगला आहे, एकाच्या अंगावर एवढी गावं, त्यात लम्पीची लस, खुरकुताची लस, टॅगिंग, रिपोर्टिंग. शेवटी स्लाइड माझ्या दुकानाशेजारच्या माणसांच्या पॅथॉलॉजीत नेली. तिथला पोरगा आधी मागंच सरला, "काका, कुत्र्याची?" मग रंग चढवून दिला आणि स्वतःच डोळा लावून बसला, सोडेचना.

औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टीन. हे माणसांच्या ब्लड कॅन्सरमध्येही देतात, आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, कॅन्सरच्या औषधांच्या मानानं स्वस्त आहे. टीव्हीटीला आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, ऑपरेशनसुद्धा लागत नाही. कॅन्सर बरा होतो हे वाक्य आमच्या भागात कोणी सहज मानत नाही, पण इथं ते शब्दशः खरं आहे. आमच्या तालुक्यात हे औषध कोणी ठेवत नाही कारण खपत नाही आणि फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागते. मी नागपूरच्या दवा बाजारातून मागवलं, आइसपॅक टाकून थर्माकोलच्या डब्यात, एसटीनं, आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं की इंजिनाजवळ ठेवू नको बापा. डॉक्टरनं हातमोजे घालून दिलं, कारण औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळते, म्हणून कुत्रा नीट धरलेला पाहिजे, आणि दर वेळी डोस देण्याआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. पहिल्या इंजेक्शननंतर गाठीतून रक्त येणं कमी झालं, पुढं गाठ आक्रसत गेली आणि एक दिवस पाहिलं तर गाठच नव्हती. मालक आता बाकीच्यांना सांगत फिरतो.

इथं एक धोक्याची गोष्ट सांगतो. हे औषध सदाफुलीपासून निघते, तीच अंगणातली गुलाबी पांढऱ्या फुलांची सदाफुली. हे मी दुकानात एकदा बोलून गेलो तर लगेच कोणीतरी म्हणाला मग पालाच वाटून देऊ की. नका देऊ. त्या झाडात कितीतरी द्रव्यं आहेत, विषारी आहेत, आणि औषधासाठी ढीगभर पानातून कणभर माल निघतो. पाला खाऊन कुत्रा मरेल, गाठ तशीच राहील.

आता खरी जीन टेस्ट कुठं पाहिजे ते सांगतो, कारण तिला विरोध नाही माझा. यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि लेखात ते एकात एक झाले होते. एक म्हणजे कुत्रा जन्मतःच काय घेऊन आला, ते गालातल्या लाळेच्या बोळ्यावरून कळते. दुसरा म्हणजे गाठीमध्ये पुढं काय बिघडलं, त्याला गाठीचाच तुकडा किंवा सुईनं ओढलेल्या पेशी पाहिजेत. पहिल्यातलं सगळ्यात कामाचं उदाहरण म्हणजे एमडीआर१. कोली जातीच्या आणि तिच्या नात्यातल्या मेंढपाळी कुत्र्यांमध्ये हे जीन बिघडलेलं असू शकते, काही जर्मन शेफर्डमध्येही सापडलं आहे, आणि अशा कुत्र्याला व्हिन्क्रिस्टीनचा नेहमीचा डोस झेपत नाही, पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. त्याच कुत्र्याला गोचिडासाठी आयव्हरमेक्टिन जास्त गेलं तर लडखडतो, बेशुद्ध होतो, मरतोही. २००१ मध्ये अमेरिकेत याचं कारण सापडलं. आता माझ्या दुकानात आयव्हरमेक्टिन मागणारे किती येतात म्हणता, ढोरांचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजानं टोचणारे पण त्यातच. गावरान कुत्र्याचं सहसा निभावते, पण हल्ली बंगल्यावाल्यांनी पुण्या-मुंबईहून आणलेले केसाळ कुत्रे तालुक्यातही दिसतात. त्यांची एकदा ही टेस्ट करून घ्यावी, आयुष्यभर पुरते.

दुसऱ्या प्रकारात गळ्याच्या गाठी. कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढं, मागच्या पायाच्या लवणीत गाठी सुजल्या की डॉक्टरच्या डोक्यात दोन गोष्टी येतात, एक लिम्फोमा म्हणजे कॅन्सर आणि दुसरा गोचीडताप. आमच्याकडं गोचीड बाराही महिने, त्यामुळे गोचीडतापाचे कुत्रे रोजचेच. गोचीडताप डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी बरा होऊ शकतो, लिम्फोमाला महिनोनमहिने केमो. यांची गल्लत झाली तर काय होते ते सांगायला नको. परदेशात यासाठी पार नावाची डीएनए टेस्ट करतात. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची पिलावळ आहे का ते ती पाहते. एकाच घराण्याच्या निघाल्या तर कॅन्सरची शंका वाढते, वेगवेगळ्या निघाल्या तर शरीर कशाशी तरी लढत आहे. आणि लिम्फोमा बी पेशीचा की टी पेशीचा (पांढऱ्या पेशींचे हे दोन प्रकार) हेही त्यातून समजते, बी पेशीचे कुत्रे उपचाराला जास्त साथ देतात. पण इथंच आमच्यासाठी मेख आहे, जुना गोचीडताप कधी कधी या टेस्टलाही फसवतो, कॅन्सर नसताना पॉझिटिव्ह दाखवतो. म्हणून आधी गोचीडतापाची तपासणी, मग सुई, मग पार, हा क्रम आपल्या भागात उलटा करून चालत नाही. पुण्यातल्या सोसायटीतल्या कुत्र्यापेक्षा हे आमच्या बगिच्यातल्या कुत्र्याला जास्त लागू.

लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं मात्र मानलं पाहिजे. त्या कॅन्सरच्या बहुतेक कुत्र्यांमध्ये बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये एक ठरावीक बिघाड असतो, २०१५ मध्ये तो सापडला, माणसाच्या कातडीच्या मेलानोमात असतो तोच. तो लघवीतल्या पेशींमध्ये सापडतो. याचा फायदा असा की पोटातून सुई घालावी लागत नाही, आणि या कॅन्सरमध्ये सुई घातली तर सुईच्या वाटेनं तो पसरण्याची भीती असते. नुसती लघवी धरायची, पाठवायची. स्कॉटिश टेरियरमध्ये हा कॅन्सर जास्त, बीगलमध्येही होतो, आणि बीगल आता वर्ध्या-अमरावतीत घरोघरी झाले. लघवीतून वारंवार रक्त, अँटिबायोटिकनं तात्पुरतं थांबते आणि परत येते, असं असलं तर डॉक्टरशी हे बोलावं.

मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरचं थोडक्यात. कातडीवरची साधी पुळी वाटते, लॅब्रॅडॉर आणि पगमध्ये बरीच दिसते. त्यात किट नावाचं जीन बिघडलं आहे का ते पाहतात कारण टोसेरॅनिब नावाची गोळी, जी २००९ मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली, ती बिघडलेल्या किटवाल्या गाठीवर जास्त चांगली चालते. टेस्टनं उपचार ठरला, याला मी उपयोग म्हणतो.

याच्या उलट रक्ताच्या एका थेंबात सगळे कॅन्सर पकडण्याची जी गोष्ट लेखात मोठ्या अक्षरात होती तिच्यावर माझा तितका जीव बसत नाही. रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर शोधण्याचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, हजाराहून जास्त कुत्रे होते, त्यात कॅन्सर असलेल्यांपैकी ५४.७ टक्के पकडले गेले. म्हणजे जवळजवळ निम्मे निसटले. ज्याला कॅन्सर नाही त्याला उगाच पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निश्चिंत झालेल्या मालकाचं काय? त्याला कोणी समजावून सांगणार का? तिकडच्या श्रीमंत माणसाला परवडते ते करू द्या, आमच्याकडं त्या पैशात एक्स-रे, सोनोग्राफी आणि बायोप्सी, आणि वरून येण्याजाण्याचा खर्च निघतो.

आता मागणं. नागपूरला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, माफसू म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच नागपूरला आहे, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. म्हणजे विदर्भात जाणकारांची कमी नाही, कमी आहे ती तालुका आणि नागपूर यांच्या मधल्या रस्त्याची. आमच्या डॉक्टरनं गाठीचा तुकडा टिकावा म्हणून फॉर्मॅलिनच्या द्रावणात टाकला तर तो कोण नेणार, कोणत्या दिवशी, पावती कोणाच्या नावानं, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येईल का, हे काहीच ठरलेलं नाही, ओळख असली तर होते नाहीतर नाही. दुधाचे नमुने जातात, बर्ड फ्लूचे जातात, मग कुत्र्याची गाठ जायला काय हरकत आहे. आणि फॉर्मॅलिनमध्ये जास्त दिवस पडून राहिलेल्या तुकड्यातला डीएनए खराब होतो, तेव्हा जीन टेस्ट करायचीच असेल तर तुकडा कसा आणि किती दिवसात पाठवायचा हे तालुक्याच्या डॉक्टरला आधी कळलं पाहिजे. श्रेणी एकच्या दवाखान्यात निदान जिएम्सा, स्लाइड आणि चालू मायक्रोस्कोप, आणि १९६२ नंबरवर येणाऱ्या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत स्लाइडचा एक डबा, एवढं तरी. याला कोणाची मंजुरी लागते ते पशुसंवर्धनवाल्यांनी एकदा सांगावं, आम्ही ग्रामसभेत ठराव घेऊन देतो.

दुसरं नसबंदीचं. टीव्हीटी जुगण्यातून पसरते म्हटल्यावर भटक्या कुत्र्यांची नसबंदी हाच तिचा खरा बंदोबस्त. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे, पण गावखेड्यात नसबंदीची गाडी मी तरी येताना पाहिली नाही. मादीची नसबंदी लवकर, पहिल्या माजाआधी झाली तर पुढं स्तनाच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो, मादी कुत्रीत त्याच गाठी सगळ्यात जास्त दिसतात. आणि नसबंदीसाठी कुत्रा पकडलाच आहे, बेशुद्ध आहे, तर त्याच वेळी गाठ आहे का ते पाहता येते. अडचण मला माहीत आहे, भटक्याला दर आठवड्याला कोण पकडणार? एकदा सुई टोचलेला कुत्रा दुसऱ्यांदा हाताला लागत नाही. म्हणून अशा कुत्र्याला बरा होईपर्यंत ठेवायला नसबंदी केंद्रात दोन-चार पिंजरे वेगळे पाहिजेत, खाण्याचा खर्च गावातले लोक करतील, आमच्याकडं शिळ्या भाकरीची कमी नाही.

लेखकांना विनंती की पुढचा लेख लिहिताना एवढं छापावं: नागपूर-अकोल्यात कुत्र्याच्या गाठीचा नमुना कोण घेते, कशात भरून पाठवायचा, किती दिवसात पोचला पाहिजे, अंदाजे खर्च किती. ते कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावतो, गोचिडाच्या औषधाच्या पोस्टरशेजारी जागा आहे.

आपला वाचक,
एक मेडिकलवाला,
ता. आर्वी, जि. वर्धा